बॉल आत होता

टेनिस स्पर्धेच्या सोडतीत दोघी सख्ख्या बहिणींची नावं समोरासमोर आली, तेव्हा थोरलीला वाटलं, पाय मुरगळला म्हणून कळवून टाकावं. पण खोटं बोलायलाही अंगात त्राण लागतं. आठवडाभर वॉर्डात उभं राहून तिच्या पायांचे पार तुकडे पडले होते.

थोरली नर्स, धाकटी शाळेत गणिताची बाई. पाच वर्षं दोघींत बोलणं नव्हतं. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं थोरलीनं केलं होतं. धाकटी शेवटच्या आठवड्यात आली आणि आईची पाठ बघून म्हणाली, "इतक्या जखमा होऊच कशा दिल्यास? नर्स ना तू?" त्यावर थोरलीनं तोंडाला कुलूप घातलं ते घातलंच.

कोर्टवर मात्र बोलणं चुकत नाही. पन्नाशीपुढच्या गटाला पंच नसतो. स्कोअर मोठ्यानं सांगायचा, आपल्या बाजूचा बॉल आत की बाहेर ते आपणच ठरवायचं, समोरचीनं ते मानायचं.

"तयार?" धाकटीनं विचारलं.

"हं."

पुढचा तासभर दोघी आकड्यांतच बोलल्या. बॉल परत दिला की "थँक यू", तेही परक्या बाईला म्हणावा तसा. पहिला सेट धाकटीचा. दुसऱ्यातही पाच-चार अशी तीच पुढे, सर्व्हिसही तिचीच.

"फॉर्टी-थर्टी," ती म्हणाली. मॅच पॉइंट.

थोरलीचा परतीचा फटका मागच्या रेषेपाशी पडला.

"आउट!"

थोरलीला तो आत दिसला होता. पण ती बाजू तिची नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखंच झालं. हात पुढे करून ती नेटकडे निघाली.

धाकटी मात्र मातीतल्या खुणेवर वाकली होती. "थांब. रेषेवर आहे. माझं चुकलं."

"अगं, जाऊ दे ना! संपलंय."

"नाही संपलं. पॉइंट तुझा. बरोबरी. ड्यूस."

थोरलीनं कपाळावर हात मारला आणि पाय ओढत मागे गेली. पुढचे दोन्ही पॉइंट तिनं घालवले आणि मॅच धाकटीची झाली.

नेटपाशी हात मिळवल्यावर धाकटीनं तो सोडला नाही. "आईचंही माझं चुकलं, ताई. त्या दिवशी मी बोलायला नको होतं."

याच वाक्याची थोरलीनं पाच वर्षं वाट पाहिली होती. त्यावर काय काय सुनावायचं, तेही पाठ होतं.

"मला बसू दे आधी," ती म्हणाली.

दोघी बाकावर बसल्या. थोरलीनं बूट काढले, सुजलेली पावलं गार फरशीवर टेकवली.

"उद्या फोन करू?" धाकटीनं विचारलं.

"दुपारनंतर कर," थोरली डोळे मिटून म्हणाली. "सकाळी ड्यूटी आहे."