वेगवेगळ्या बाकांवर

सालेकशाच्या कॉलेजातून नाव काढून संघदीप आणि जमुना आमगावला आले, ते दोघंही बी.ए.च्या शेवटच्या वर्षासाठी. उन्हाळ्यात त्यांनी रजिस्टर लग्न केलं होतं. संघदीप बौद्ध, जमुना गोंड. लग्नानंतर तिचा भाऊ योगराज जुन्या कॉलेजच्या फाटकावर येऊन आरडाओरडा करून गेला. त्यानंतर जमुना वर्गात शिरली की पोरींचं बोलणं थांबायचं.

आमगावात त्यांनी स्टेशनमागे एक खोली घेतली. कॉलेजच्या पहिल्या दिवशी जमुना केस विंचरता विंचरता म्हणाली, "इथं कोणाले सांगू नको."

"काऊन? चोरी केली का आपण?"

"चोरी नाही केली. पण मले एक वर्ष नुसतं शिकू दे."

संघदीपला ते पटलं नाही, पण तो हो म्हणाला. हजेरीत तिचं माहेरचंच नाव होतं. मंगळसूत्र ओढणीखाली असायचं. ती आधी निघायची, तो सकाळचं राईस मिलमधलं काम आटोपून मागून यायचा. ती मुलींच्या दुसऱ्या बाकावर, तो मागे खिडकीशी.

पावसाळा संपेपर्यंत जमुनाला अल्का नावाची मैत्रीण मिळाली. दोघी डबा वाटून खायच्या. एकदा कॅन्टीनसमोरून जाताना संघदीपला जमुनाचं हसणं ऐकू आलं. ती टेबलावर हात मारून हसत होती. लग्नानंतर खोलीवर ती अशी हसलेली त्याला आठवेना. तो तसाच पुढे लायब्ररीत गेला आणि पेपर उघडून बसला.

दिवाळीच्या सुटीनंतर दुर्गेश नावाचा वर्गमित्र त्याच्याजवळ येऊन बसला. "भाई, तू सालेकशाचा ना? ती जमुना तिकडलीच आहे म्हणते. ओळखते का तुले?"

"ओळखते."

"मग बोल ना माह्यासाठी. सीधी बात आहे, काही टाइमपास नाही."

संघदीपने रात्री जेवताना हे जमुनाला सांगितलं. सांगताना त्याला थोडं बरं वाटलं, ते त्याला स्वतःलाही कळलं.

"तू काय म्हणला?" तिनं विचारलं.

"काहीच नाही. तुनंच ना सांगितलं, गप राहा म्हणून."

जमुनाने ताटातला भात संपवला, हात धुतला. "उद्या पाहू," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहिला तास सुटल्यावर ती उठून सरळ दुर्गेशच्या बाकापाशी गेली. सगळा वर्ग तिथंच होता.

"दुर्गेश, हा संघदीप माहा नवरा आहे. आमचं लग्न झालं आहे. तुले माहीत नव्हतं, म्हणून राग नाही."

दुर्गेश उभा राहिला, "सॉरी भाभी," म्हणाला आणि बाहेर गेला. कोणीतरी शिट्टी मारली. संघदीपला अभिमान वाटला. मग त्याने अल्काकडे पाहिलं. ती आपली बॅग भरत होती.

"इतके दिवस माह्यासंग जेवली," अल्का जमुनाला म्हणाली, "अन् एवढी गोष्ट नाही सांगितली?" ती मागच्या बाकावर जाऊन बसली.

त्या दिवसापासून संघदीपला मुलं मान देऊ लागली. दुर्गेशसुद्धा त्याच्यासोबत चहा प्यायला येऊ लागला. जमुनाच्या बाकावर मात्र तिच्याशेजारी कोणी बसेना. पोरी तिला भाभी म्हणायच्या, काही विचारलं तर सांगायच्या आणि निघून जायच्या. संघदीप एकदा तिच्याजवळ जाऊन बसला.

"तू आपल्या जागेवर जा," ती हळूच म्हणाली.

"आता काऊन? आता तर सगळ्यांले माहीत आहे."

"म्हणूनच."

तो उठला. तिनं वही उघडून लिहायला सुरुवात केली होती.

थंडी सरताना एका रविवारी अल्का खोलीवर आली. आधी दारातूनच म्हणाली, की इतिहासाच्या नोट्स पाहिजेत. मग चप्पल काढून खाटेवर बसली. संघदीपने चहा मांडला, दोघींना दिला आणि काम आहे सांगून बाहेर पडला. काम काही नव्हतं. तो प्लॅटफॉर्मवर बसून राहिला, एक मालगाडी जाऊ दिली, मग दुसरी.

अंधार पडल्यावर तो परतला तेव्हा अल्का गेली होती. जमुनाने त्याला वाढलं.  अल्का काय बोलली, ते त्याने विचारलं नाही. भाजीत मीठ जरा जास्त झालं होतं, तेवढं त्याने सांगितलं.