मिठाचा ट्रक थांबला

शनिवारचा अंदाज रेडिओवर सकाळपासून चालू होता. आधी पाऊस, मग बर्फाचे कण, मग पडल्या जागी गोठणारा पाऊस, आणि शेवटी हिमवर्षाव. कुठे काय पडेल ते डोंगराच्या उंचीवर अवलंबून. म्हणजे आभाळाचं अजून काही ठरत नव्हतं, आणि रेडिओवाल्याला ते चारचौघांत कबूल करायचं नव्हतं.

गावाने आपल्या पद्धतीने तयारी केली होती. दुकानातलं सगळं दूध आणि सगळा पाव संपला होता. बर्फ पडणार म्हटलं की या डोंगरातली माणसं दूध-पावावर तुटून पडतात. ज्यांना दूध पचत नाही तेसुद्धा.

"मंगळवारपर्यंत थांबू या का?" कॉलिअर म्हणाले. अंत्यविधीचं सगळं तेच बघत. आवाज इतका मऊ की त्यांनी भाव सांगितला तरी सांत्वन केल्यासारखं वाटे. "तुमचे वडील आमच्याकडे अगदी आरामात आहेत, नोरीनताई."

"ते कुठेच आरामात नसतात," नोरीन म्हणाली. "आज."

कारण साधं होतं. तिचा धाकटा भाऊ ड्वाइट ओहायोतल्या कारखान्यातून आला होता आणि त्याची रजा रविवारी संपत होती. आईच्या वेळी त्याला रजाच मिळाली नव्हती. तिच्या कबरीवर गवत उगवल्यावर तो पोचला, आणि त्या गवताकडे बघत कितीतरी वेळ उभा राहिला, जणू गवताची चूक होती. बापाला माती द्यायला तरी तो असायलाच हवा, असं नोरीनने मनाशी पक्कं केलं होतं. बापाची, होबार्टची, जागा वर कड्यावर होती, आईच्या शेजारी. व्हर्जिलमामा आणि चर्चची दोन माणसं पहाटेच कबर खणायला वर गेली होती.

चर्चमधून निघाले तेव्हा नुसता पाऊस होता. पुढे शवगाडी, मागे नोरीनच्या गाडीत ती आणि ड्वाइट, त्यामागे खांदा देणारे सहा जण, सगळे होबार्टच्या वयाचे, आणि मग जेवणाच्या भांड्यांसकट बायका. नोरीनच्या गाडीतही मागच्या सीटवर चीज घातलेल्या बटाट्यांची परात होती. दफनानंतर खायची. ड्वाइटच्या मांडीवर मसाला भरलेल्या उकडलेल्या अंड्यांचं ताट.

"बाबांना आवडायची नाहीत ही," ड्वाइट म्हणाला.

"म्हणूनच केली. ते असताना कुणी करू द्यायचं नाही."

तो हसला, आणि मग हसणं अर्ध्यातच सोडून खिडकीबाहेर बघू लागला. काचेवर टकटक सुरू झालं होतं. पावसाचे कण झाले होते.

त्या भागात एक रीत आहे. समोरून अंत्ययात्रा आली की गाडी कडेला घ्यायची, इंजिन बंद करायचं, टोपी काढायची, शेवटची गाडी जाईपर्यंत हलायचं नाही. पिकअपवाला असो की शाळेची बस. ही रीत कुणी शिकवत नाही. ती न पाळणाऱ्याला मात्र शिकवतात.

चढणीच्या पायथ्याशी वळण घेतलं तेव्हा वरून रस्ताखात्याचा, बर्फ वितळवायला मीठ टाकणारा ट्रक उतरत येत होता. कड्यावरचा सपाट रस्ता त्याने पांढराशुभ्र करून टाकला होता. उरली होती फक्त मधली उभी चढण, आणि ती आता आरशासारखी चकाकत होती.

"देव पावला," नोरीन म्हणाली.

ट्रकच्या चालकाने, रँडलने, शवगाडीचे दिवे पाहिले. त्याने ट्रक कडेला घेतला. इंजिन बंद केलं. इंजिनाबरोबर मागची मीठ फेकणारी चकतीही थांबली. मग त्याने टोपी काढून छातीशी धरली आणि मान खाली घातली.

"नको," ड्वाइट काचेला तोंड लावून ओरडला. "अरे नको! चालव! चालव ना बाबा!"

रँडलने मान आणखी खाली घातली.

शवगाडी अर्ध्या चढणीपर्यंत गेली, तिथे तिची चाकं जागच्या जागी फिरली, आणि ती अगदी सावकाश, काहीतरी विसरल्यासारखी, मागे आली. ते बघून रँडलने घाईघाईने इंजिन सुरू केलं. ट्रक आधी घसरला, मग फिरला, आणि तोंड खड्ड्यात, शेपूट डोंगराला असा रस्त्यात आडवा अडकला.

सगळे उतरले. रँडल टोपी हातातच धरून चालत, पडत, चालत खाली आला.

"रँडल," नोरीन म्हणाली, "जगात एक माणूस होता ज्याने आज थांबायला नको होतं."

"होबार्टकाकांसाठी नाही थांबलो तर आई घरात घेणार नाही गं मला."

"मान दिलास ना? आता वाट दे."

तो रडायला लागला. तीस वर्षांचा धिप्पाड माणूस. मग ड्वाइटलाच त्याची पाठ थोपटावी लागली.

कुणीतरी म्हणालं, मीठ हाताने टाकू. बायकांनी एका भांड्यातलं जेवण दुसऱ्यात ओतून पराती रिकाम्या केल्या आणि रांगेने ट्रकमधलं मीठ भरून आणू लागल्या. चढणीचा थोडा भाग पांढरा झाला. तोवर कणांचा परत पाऊस झाला, पडल्या जागी गोठणारा, आणि मिठावर काचेचा नवा थर चढला. ट्रकला वळसा घालून शवपेटी हातांनी न्यायची म्हटली, तर सहांपैकी दोन खांदेकरी पेटीला हात लावायच्या आधीच आडवे झाले. तिसरा त्यांना उठवायला वाकला आणि त्यांच्यात सामील झाला.

"मी आजवर कुणाला पाडलेलं नाही," कॉलिअर म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज कडक होता. "होबार्टपासून सुरुवात करणार नाही. मी त्यांना परत नेतो."

शवगाडीच्या काचेवर नोरीनने तळवा ठेवला, आणि तो तिथे चिकटायच्या आत उचलला.

"वर मामा थांबलाय," ती ड्वाइटला म्हणाली. "त्याला सांगायला हवं."

दोघं रस्ता सोडून गवतातून चढले. प्रत्येक पात्याला बर्फाचं म्यान होतं, पाय पडला की मोडायचं. एकमेकांचा कोट धरून ती दोघं वर पोचली तेव्हा व्हर्जिलमामा आणि ती दोन माणसं फावड्यांवर हात टेकून उभी होती. भावाबहिणीला बघून त्यांनी टोप्या काढल्या. मग मागे कुणीच नाही हे बघून परत घातल्या.

"होबार्ट कुठाय?"

"खाली," नोरीन म्हणाली. "आज नाही जमत, मामा."

मामाने कबरीकडे पाहिलं. मग आभाळाकडे. "मग बुजवावी लागेल."

"रिकामी?" ड्वाइटने विचारलं.

"उघडी कबर रात्रभर ठेवत नाहीत, पोरा. ती वाट बघत बसते. सकाळपर्यंत कुणालातरी बोलावते. मग ते कोण, हे आपल्या हातात नाही."

"पण आत कुणीच नाही."

"म्हणूनच."

त्या दोघांतल्या एकाने फावडं उचललं. ड्वाइटने ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

"मी टाकतो."

"अरे, बाबा त्यात नाहीयेत," नोरीन हलकेच म्हणाली.

"माहितेय गं मला." त्याने पहिलं फावडं भरलं. "पण ते असतील तेव्हा मी नसणार."

माती तळाशी पडली. पेटीवर पडते तसा आवाज आला नाही, नुसता ओला धप्प. ड्वाइट टाकत राहिला. मामाने टोपी काढली. मग त्या दोघांनीही काढली, आणि गार पाऊस त्यांच्या टकलांवरून ओघळू लागला. पाद्री खाली कुठल्यातरी गाडीत अडकले होते, म्हणून नोरीनने जेवढं आठवलं तेवढं म्हटलं. मधलं एक वाक्य विसरली. कुणी दुरुस्त केलं नाही. मग तिने आईच्या दगडावरचा बर्फ नखांनी खरवडला आणि खाली वाकून, ऐकू येईल न येईल असं, सांगितलं, "ते आज नाही येत गं. ड्वाइट आलाय."

खड्डा भरला तेव्हा अखेर हिम पडायला लागलं होतं. ड्वाइटने फावड्याच्या पाठीने ढिगारा थोपटून नीट केला. कडा सारख्या केल्या. एका बाजूला थोडी माती कमी वाटली, तर तिथे आणखी टाकली.

"पुढच्या आठवड्यात परत खणाल," त्याने विचारलं, "तेव्हा मऊ असेल ना?"

"असेल की," मामा म्हणाला. "पहिल्यापेक्षा सोपं जाईल."

ड्वाइटने मान हलवली. त्याच्या तळहातावर फोड आला होता. तो मूठ मिटून उभा राहिला. खाली, दरीत, शवगाडीचे दोन लाल दिवे अगदी हळू गावाकडे सरकत होते. एक पिकअप समोरून येत होती. ती कडेला झाली, थांबली, आणि तिचे दिवे विझले.