फणसाच्या पोटातला खिळा

मित्रांनो, विश्वंभर मास्तरांच्या टेबलावर चार पेनं पोटात घेऊन उभा असलेला पिवळा पेनस्टँड म्हणजे मी. आता निवांत आहे. पण ज्या दिवशी घडलो, त्या दिवसाइतका मी कधीच घाबरलो नव्हतो.

आधी मी मुरुडला मास्तरांच्या वाडीत फणस होतो. तरुणपणी माझी कुयरी, म्हणजे कोवळी फळं, गळून पडायची. झाडात लोखंड ठोकलं की झाड भिऊन फळ धरतं, असं कुणीसं सांगितलं, म्हणून मास्तरांच्या नव्या नवरीनं, गोदावरीबाईंनी, एका दुपारी गुपचूप माझ्या बुंध्यात खिळा ठोकला. मास्तरांना असली खुळं खपत नसत. पुढे मी लगडलो, तेव्हा मास्तर सगळ्यांना सांगत, "माझ्या शेणखताची करामत." बाई गप्प राहिल्या. खिळ्यावर साल चढली, लाकूड चढलं, तो माझ्या पोटात गेला.

मग वादळात मी आडवा झालो. आठवण म्हणून पेनस्टँड करून घ्यायला मास्तर आणि बाई माझा एक ठोकळा घेऊन लेथवर लाकडाचं कातकाम करणाऱ्या चांगदेवकाकांकडे आले. काकांचा डावा डोळा ढलपी उडून कधीच गेलेला. चष्मा कपाळावर.

"तो खाली घे की," मास्तर म्हणाले.

"घामानं धुरकटतो, मास्तर. एका डोळ्यानं दिसतंय तेवढंही दिसत न्हाय मग."

लेथ सुरू झाला. मी गरगरू लागलो. पटाशी टेकली, पिवळ्या सालपटांचा पाऊस पडला. प्रत्येक सालपटाबरोबर खिळा वर येत होता. पटाशी त्याच्यावर आपटली, तर तुकडा कुठे उडेल हे मला दिसत होतं. समोर तो एकच डोळा. मला ओरडायचं होतं. लाकूड कसं ओरडणार? मी नुसता थरथरलो.

"फणस आज कुरकुरतोय," काका हसले आणि आणखी वाकले.

गोदावरीबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी एकदा मास्तरांकडे पाहिलं.

"चांगदेवा, बंद कर. आत खिळा आहे. मी ठोकलाय."

लेथ थांबला. काकांनी बोट फिरवलं. लाकडावर काळा डाग उमटला होता. त्याखाली, नखभर आत, खिळा. काकांनी पकडीनं तो उपसून काढला.

"काकू, अजून एक फेरा, आन् मी आंधळा होतो."

मास्तरांनी खिळा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग मास्तर म्हणाले, "म्हणजे चाळीस वर्षं मी शेणखताची फुशारकी मारली आणि तू ऐकून घेतलीस?"

"खतही चांगलंच होतं," बाई डोळे पुसत म्हणाल्या.

काकांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि मला पुरं केलं.

मित्रांनो, झाडांत खिळे ठोकू नका. ठोकलाच असेल, तर लोक हसतील म्हणून लपवू नका. आम्हाला तोंड नाही. जे ठाऊक आहे ते तुम्हीच सांगायचं, आणि वेळेवर सांगायचं.