आठवण यायची राहिली

“सर, तुमच्या यंत्राला करमत नसलं तर ते कुणाला सांगतं?”

हा प्रश्न विचारायची पैज शेजारी बसलेल्या श्रद्धानं लावली होती, आणि सौदामिनी पैजेला मागं हटणारी नव्हतीच. लातूरच्या एका क्लासनं अकरावीच्या मुलींना बसमध्ये कोंबून नांदेडला, विद्यापीठातल्या व्याख्यानाला आणलं होतं. विषय होता, रोजच्या अडचणींवर कृत्रिम बुद्धिमत्ता. प्रश्न ऐकून मागच्या रांगेत खसखस पिकली. पोरींनी तोंडाला ओढण्या लावल्या.

बाहेरच्या संस्थेतून आलेले राघवेंद्र सर मात्र हसले नाहीत. मूळचे ते औशाकडचे. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर माणसं ढिगाऱ्याला कान लावून हाका ऐकायची, ते लहानपणी पाहिलंय, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. त्यांचं यंत्रही ऐकण्याचंच होतं. होस्टेलातल्या मुलांनी दोन वाक्यं बोलायची, आतून कोण खचलंय ते यंत्रानं ओळखायचं आणि रेक्टरला कळवायचं.

“यंत्राचं राहू दे, बाई,” सर म्हणाले. “तू कशी आहेस ते सांग की त्याला. ये वर.”

“आता मारते बघ डायलॉग,” श्रद्धा पुटपुटली.

सौदामिनी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली. तिला गमतीचंच काही बोलायचं होतं. पण माइक समोर आला आणि तिच्या ध्यानात आलं, लातूरच्या होस्टेलात आल्यापासून सहा महिन्यांत तिला ‘कशी आहेस’ असं कुणी विचारलंच नव्हतं. दर रविवारी टेस्ट व्हायची, मार्कांवर बॅच बदलायची, बाजूची मुलगी बदलायची. श्रद्धाही या आठवड्यापुरतीच. घरून फोन आला की आई विचारायची, जेवलीस का. ही “हाव” म्हणायची, की लगेच बाबा, “रँक कितवा?”

“घरची आठवण येऊन राहिली,” ती म्हणाली.

पडद्यावर अक्षरं उमटली: ‘घरची आठवण यायची राहिली.’ त्याखाली हिरवी खूण. ‘विद्यार्थिनी आनंदात आहे.’

टाळ्या पडल्या. सौदामिनी मात्र खाली उतरली नाही.

“सर, ह्यानं चुकीचं लिहिलं.”

“काय चुकलं?”

“येऊन राहिली म्हणजे आत्ता येते. थांबतच नाही. आमच्या घरी, आईकडनं, असंच म्हणतात. ह्याला वाटलं, आलीच नाही.”

सरांनी पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली. “आम्ही त्याला ऐकवलेले आवाज सगळे पुण्याचे,” ते हळूच म्हणाले. “आणि घरी मी पण पुण्यासारखं कुठं बोलतो.” मग माइक बाजूला करून त्यांनी विचारलं, “खरंच येते का गं?”

तिनं मान हलवली. आता कुणीच हसलं नाही. श्रद्धा आपल्या चपलांकडं बघत होती.

जेवणाची सुट्टी झाली. मुली डबे घेऊन घोळक्यानं बसल्या. सौदामिनीनं क्लासच्या मॅडमकडं जमा असलेला आपला फोन मागून घेतला आणि बसच्या सावलीत एकटीच उभी राहून घरी, मुदखेडला लावला.

“आई, बाबांना बोलव. स्पीकरवर टाक.”

“काय झालं गं?”

“मला लातूरला लई एकटं वाटतं. मी क्लास सोडणार. रोज रेल्वेनं नांदेडच्या कॉलेजात जाईन, अभ्यास पण करीन. पण राहणार घरीच.”

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. बाबा खाकरले. “अगं, वर्ष वाया जाईल. आपण रविवारी निवांत बोलू.”

“मी विचारत नाही, बाबा, सांगते आहे. शनिवारी सामान घेऊन येते.”