मिशीवरची जाळी

तिने हात आडवा धरला आणि बाप दारातच थांबला.

“जाळी,” ती म्हणाली.

बिस्किटांच्या कारखान्यात भट्टीकडे जाताना दाढीमिशीवर जाळी चढवायची, हा नियम काही नवा नव्हता. पण बारा वर्षांत बापाने तो एकदाही पाळला नव्हता. आधीचे सुपरवायझर त्याच्या नजरेला नजर द्यायला कचरायचे आणि दुसरीकडे बघायचे. या सोमवारपासून सुपरवायझर ती होती.

बाप हसला. मागे रांगेत दहा-बारा जण खोळंबले होते, सगळे दुसऱ्याच भाषांचे. त्यांच्यासमोर तो खुशाल मराठीत म्हणाला, “बाजूला हो. घरी ये, मग बघतो तुझ्याकडे.”

“घरचं घरी. आधी जाळी.”

“चारचौघांत बापाला मान खाली घालायला लावतेस?”

“मान वरच ठेवा, बाबा. जाळी नीट बसते.”

रांगेत कुणाला शब्द कळले नसतील, पण सगळे माना उंचावून बघायला लागले. बापाचा हात मिशीवर गेला. परक्या देशात आल्यावर त्याचं गाव सुटलं, सुतारकी सुटली, साधा अर्ज भरायलासुद्धा पोरीला सोबत न्यावं लागलं. मिशी तेवढी शाबूत राहिली होती. हे तिला ठाऊक होतं. पण आज त्याला सोडलं असतं तर उद्यापासून तिला कुणी हिंग लावून विचारलं नसतं. तिने हात खाली घेतला नाही.

बापाने ॲप्रन काढला, तिच्या पायाशी टाकला आणि तडक निघून गेला. तिने हजेरीच्या कागदावर त्याची गैरहजेरी लिहिली. अक्षर वाकडं आलं.

संध्याकाळी आईने दारातच गाठलं. “सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नाहीये त्यांनी. काय केलंस गं बाई?”

“माझं काम केलं.”

बाप आतून बाहेर आला. या घरात तो नुसता खाकरला तरी टीव्ही बंद व्हायचा.

“उद्या ती सुपरवायझरकी सोडून यायचं. बाईने पुरुषांवर हुकूम सोडायचे, ही आपल्यात रीत नाही.”

“नाही सोडणार.”

“काय म्हणालीस?”

“नाही सोडणार, म्हणाले. आणि जाळीशिवाय उद्याही आत घेणार नाही. दुसऱ्यांदा परत पाठवलं की कामावरून काढतात, माहीत आहे ना तुम्हाला?”

त्याचा हात उठला. लहानपणी तो हात उठला की ती आईच्या मागे दडायची. आज ती जागची हलली नाही, डोळेसुद्धा मिटले नाहीत. हात थोडा वेळ तसाच वर राहिला, मग खाली आला. तो आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. आईने कपाळावर हात मारला.

सकाळी दोघं वेगवेगळ्या बसने गेली.

रांगेत सगळ्यांच्या पुढे तोच उभा होता. तोंडावर जाळी होती आणि जाळीच्या आत मिशी दोन्हीकडे ताठ होती. इतरांची तपासली असती तशीच तिने त्याची जाळी तपासली, कानापासून हनुवटीपर्यंत.

“जा,” ती म्हणाली. तिच्याकडे न बघता तो पुढे झाला.

त्याच्या मागचा दाढीवाला धटिंगण तसाच, जाळीबिळी न लावता, आत घुसायला लागला. ती तोंड उघडणार तेवढ्यात बापच गर्रकन वळला.

“ए! सख्ख्या बापाला सोडलं नाही तिनं. तू कोण टिकोजीराव लागून गेलास?”

दाढीवाल्याला मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं. त्याने मुकाट्याने दाराशी ठेवलेल्या खोक्यातली जाळी उचलली.