ओना दिसेल तिथे मला लावा

मी एक जुना वाटाड्या आहे, मित्रांनो. तळहाताएवढा, काळ्या चौकटीचा, मोटारीत बसून रस्ता सांगणारा. माझ्या काचेवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक भेग आहे. ती पाहून लोकांना वाटते, कुणाच्या तरी हातून मी निसटलो असेन. तसे झालेले नाही. ती भेग ब्रेकखाली पडली, आणि त्या वेळी समोर रस्त्यात एक सात वर्षांची मुलगी होती. ती हकिगत सांगण्यासाठीच मी आज बोलायला बसलो आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्या पोटात नकाशे भरले, आकाशातल्या उपग्रहांची हाक ऐकायला शिकवले आणि एका गोड बाईचा आवाज दिला. मला रस्ते शिकवले, वळणे शिकवली, पूल शिकवले. रस्त्यावर या क्षणी कोण उभे आहे, हे मात्र मला कुणी शिकवले नाही. ते मला आजही कळत नाही. ते बघण्याचे काम गाडी हाकणाऱ्याच्या डोळ्यांचे, आणि म्हणूनच मला कुठे लावतात याला फार महत्त्व आहे.

मला मार्केत्ता नावाच्या मुलीने कायानी शहरातल्या दुकानातून विकत घेतले, आपल्या बाबांसाठी. तिचे बाबा ताइस्तो. जन्मभर त्यांनी जंगलातले ओंडके वाहणारे ट्रक चालवले होते आणि आता ते कोर्पिवारा गावात शाळेची टॅक्सी चालवत. आमच्या भागात घरे इतकी विखुरलेली, की मुले टॅक्सीनेच शाळेत जातात. त्या वर्षी पलीकडच्या तळ्याकाठची शाळा बंद झाली आणि तिथली मुलेही ताइस्तोंच्या वाट्याला आली. नवी मुले, नवे रस्ते, आणि नोव्हेंबरनंतर सकाळ म्हणजे नुसता काळोख.

खोक्यातून बाहेर आलो त्याच दिवशी माझ्यावरून भांडण झाले.

"बाबा, खाली लाव. काचेच्या तळाशी, डॅशबोर्डला टेकून," मार्केत्ता म्हणाली.

"आणि मान खाली घालून गाडी चालवू? ट्रकमध्ये सगळं डोळ्यांसमोर असायचं."

"ट्रकची काच आपल्या खिडकीपेक्षा मोठी होती. या गाडीत डोळ्यांसमोर लावलंस तर मागचं काही दिसणार नाही."

"तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी चालवतोय."

"म्हणूनच सांगतेय. मी जन्मले नव्हते तेव्हा तुला चष्मा नव्हता."

ताइस्तोंनी नाक मुरडले. मग सुरू झाली माझी वणवण. आमच्याकडे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात आणि चालक डावीकडे बसतो, म्हणून आधी मला डाव्या कोपऱ्यात, खांबाला लागून बसवले. तिथे वळणावर आडवे येणारे काही दिसेना. मग गरम हवेच्या जाळीवर टांगले. तिथे मी असा तापलो की माझी वाचाच बसली आणि जाळीची एक पट्टी तुटली. पुढच्या सीटसमोर, एअरबॅगच्या झाकणावर ठेवायला निघाले तेव्हा मार्केत्ताने हातच धरला. "ती पिशवी फुगली तर हा पुढे बसणाऱ्याच्या तोंडावर येईल," ती म्हणाली. शेवटी ताइस्तोंनी आपला हट्ट पुरा केला. आरशाच्या खाली, काचेच्या मधोमध, डोळ्यांच्या अगदी पातळीवर मला चिकटवले. तिथे मी राजासारखा बसलो आणि खरे सांगायचे तर मला ते आवडले.

माझे कौतुकही खूप झाले. पुढच्या सीटवर बसणारा चौथीतला आर्तू माझ्या आवाजाची नक्कल करी. "दोनशे मीटरवर गणिताची परीक्षा आहे, शक्य असल्यास मागे वळा," असे तो गोड आवाजात म्हणाला की ताइस्तोंच्या मिशीतही हसू फुटे. "बोलतो कमी आणि बोलतो ते कामाचं," ताइस्तो गावच्या पेट्रोल पंपावर कॉफी पिताना सांगत. "असा जावई मिळाला तर आजच हो म्हणेन." मार्केत्ताने यावर काय उत्तर दिले ते मी इथे सांगत नाही.

आर्तूनंतर गाडीत चढे ती ओना. पहिलीतली, सगळ्यांत लहान. तिची आई रीक्का एकटीने गोठा सांभाळत असे. नेमकी धारेची वेळ असल्यामुळे ओना एकटीच फाट्यावर, टपालपेट्यांच्या रांगेजवळ येऊन उभी राही. तिच्या कोटाला दोरीने एक रिफ्लेक्टर लोंबत असे. अंधारात चालणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर आमच्याकडे तो असतोच. गाडीचा उजेड पडला की तो हलतो, चमकतो आणि ताइस्तोंना दुरूनच कळते की पोर आली आहे.

डिसेंबरात एका शुक्रवारी तो चमकलाच नाही. ताइस्तो फाट्यावरून सरळ पुढे गेले आणि आर्तू ओरडला तेव्हा थांबले. ओना धावत मागून आली, दार उघडून आत बसली आणि म्हणाली, "ताइस्तो, तू मला विसरलास?"

"विसरतो कसा? तुझा रिफ्लेक्टर झिजलाय."

मित्रांनो, तो झिजला नव्हता. उजव्या बाजूच्या टपालपेट्या आणि ताइस्तोंचे डोळे यांच्या बरोबर मध्ये मी होतो. माझ्या पडद्याचा उजेडही दिवसासारखा पांढरा ठेवलेला. तो कमी करता येतो हे ताइस्तोंना माहीत नव्हते आणि मार्केत्ताला विचारायचा त्यांना कमीपणा वाटत होता. समोर मी भगभगत असताना पलीकडचा तो एवढासा ठिपका त्यांना दिसणार कसा? पण संध्याकाळी ते रीक्काच्या दारात उभे राहून तिला म्हणाले, "मुलीला नवा रिफ्लेक्टर घे. जुना काही कामाचा नाही."

रीक्का बिचारी ओशाळली. दुसऱ्याच दिवशी तिने बशीएवढा मोठा रिफ्लेक्टर आणला. ओनाला तो फार आवडला. मी मात्र त्याच जागी राहिलो, आणि सोमवार जवळ येत होता.

त्यातच माझ्या पाठीमागची, मला काचेला धरून ठेवणारी रबराची वाटी थंडीने कडक झाली. शनिवारी मी दोनदा काचेवरून सुटलो. आता दुसऱ्या कुणी नवी वाटी आणली असती, निदान काच तरी पुसली असती. पण ताइस्तो पडले आमच्या गावचे. पाठ धरली, सौना. सर्दी झाली, सौना. मुलगी रुसली, सौना. त्यांनी माझी वाटी काढली आणि सौनात, म्हणजे आमच्या वाफेच्या लाकडी खोलीत, आपल्या शेजारी फळीवर नेऊन ठेवली. तापलेल्या दगडांवर पाणी पडले, वाफ उठली, रबर लोण्यासारखे मऊ झाले. मग ते टॉवेल गुंडाळून तसेच अंगणात आले आणि मला गरमागरम वाटीसकट पुन्हा त्याच जागी चिकटवून टाकले.

मार्केत्ता दारातून बघत होती. "बाबा, नवीन वाटी विकत मिळते."

"याला आता क्रेन लावली तरी निघायचा नाही."

"आणि जागा तीच ठेवलीस."

"आत जा, कॉफी ठेव."

सोमवारी सकाळी थंडीने कहर केला होता. गाडीच्या आत काचेवर बर्फाची जाळी धरली होती. ताइस्तोंनी ती खरवडली, गरम हवा सुरू केली आणि आम्ही निघालो. आर्तू चढला. माझ्या पाठीमागे रबर आकसत होते. एकेका खड्ड्याला माझी पकड सैल होत होती. मला सांगता येत असते तर मी सांगितले असते. पण मला फक्त वळणे सांगता येतात, म्हणून मी वळणे सांगत राहिलो.

फाटा जवळ आला. ताइस्तो आज पुढे वाकून, डोळे फाडफाडून उजवीकडे बघत होते. शुक्रवारचे त्यांनाही लागले होते, हे मला तेव्हा कळले. पण ते जितके पुढे वाकले तितका मी त्यांना जास्तच आड येत होतो. टपालपेट्यांजवळ ओना नव्हती. तिचा एक हातमोजा निसटून वाऱ्याने रस्त्यावर आला होता आणि तो उचलायला ती बर्फाच्या बांधावरून खाली उतरली होती. आमच्या बाजूला, रस्त्याच्या उजव्या कडेला, ती पाठमोरी वाकली होती.

त्याच क्षणी मी सुटलो.

काच मोकळी झाली आणि ताइस्तोंना तो मोठा रिफ्लेक्टर दिसला, थेट समोर. आर्तू किंचाळला. ताइस्तोंचा पाय ब्रेककडे गेला, पण त्याच्या आधी मी तिथे पोचलो होतो. पडलो तो घरंगळत नेमका ब्रेकखाली गेलो आणि आडवा अडकलो. त्यांनी दाबले. ब्रेक अर्ध्यावर अडला. पुन्हा दाबले. माझी काच तडकली, चौकट कुरकुरली, पण मी हललो नाही. गाडी जेमतेम मंदावली. माझ्या तोंडातून त्याही वेळी तो गोड आवाज आला, "सरळ जात राहा."

सरळ ओना होती.

ताइस्तोंनी चाक डावीकडे फिरवले. गाडी फिरली, घसरली, रस्ता ओलांडून गेली आणि पलीकडच्या बर्फाच्या बांधात धाडकन घुसली. सगळीकडे पांढरे झाले. मग अगदी शांत.

"आर्तू?" ताइस्तोंनी पट्टा सोडत विचारले.

"मी ठीक आहे," आर्तू म्हणाला. "ती?"

दार उघडेना. ताइस्तो खिडकीतून बाहेर पडले आणि गुडघाभर बर्फातून धडपडत गेले. ओना रस्त्याच्या कडेला तशीच उभी होती, मोजा छातीशी धरून. तिला काही लागले नव्हते. ताइस्तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि तिच्या कोटावरचा बर्फ झटकू लागले. आमच्याकडची माणसे रडत नाहीत म्हणतात. मी त्या दिवशी ऐकले आहे.

मुलांना घेऊन ते रीक्काच्या गोठ्यात गेले. पुढचे मला माहीत आहे, कारण निघताना त्यांनी मला ब्रेकखालून ओढून काढून खिशात टाकले होते.

"रीक्का, आज ओना माझ्या गाडीखाली आली असती," ते म्हणाले. "तिचा काही दोष नाही. शुक्रवारीही नव्हता. रिफ्लेक्टर चांगला होता. हे यंत्र मी चुकीच्या जागी लावलं होतं आणि तुला खोटं सांगितलं."

रीक्काच्या हातातली बादली खाली आली. तिने आधी ओनाला चाचपून पाहिले, मग ताइस्तोंकडे पाहिले.

"मी दोन दिवस स्वतःला शिव्या देत होते," ती म्हणाली. "वाटलं, गाईंच्या नादात पोरीचा जुना रिफ्लेक्टरसुद्धा माझ्या लक्षात आला नाही."

"माहीत आहे."

"तुला काही माहीत नाही. जा आता."

गोठ्याचे दार बंद झाले. गाडी ट्रॅक्टरने बांधातून ओढून काढली, ती चालण्याजोगी होती. ती रात्र मी ताइस्तोंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर काढली. मार्केत्ता आली, भेग पाहिली, बाबांकडे पाहिले आणि समोर नवी रबराची वाटी ठेवली. ताइस्तोंनी मात्र सकाळी मला काचेवर लावले नाही. नव्या वाटीसकट कोटाच्या खिशात घातले.

फाट्यावर टपालपेट्यांपाशी कुणी नव्हते. ताइस्तोंनी गाडी थांबवली. शाळेची वेळ टळत चालली होती. ओना आज येणार नाही, आणि उद्याही येणार नाही, असे मला वाटू लागले. एवढ्यात वाटेवर दोन ठिपके हलताना दिसले, एक उंच आणि एक ठेंगणा.

रीक्का गोठ्यातल्याच कपड्यांवर आली होती. तिने ओनाचा हात घट्ट धरला होता.

"उतर," ती ताइस्तोंना म्हणाली. "ते यंत्र दे."

ताइस्तो उतरले. रीक्का त्यांच्या जागी बसली, सीट त्यांच्या उंचीलाच राहू दिली आणि मला काचेवर जुन्या वाटीच्या खुणेवर, कालच्या जागी धरले. "ओना, पेट्यांजवळ जा." ओना गेली. तिथून रीक्काला आपली मुलगी दिसत नव्हती. तिने मला खाली आणले. "आता पुढे ये. आता डावीकडे. खाली बस, मोजा उचलतेस तशी." ओना गाडीसमोरून फिरत राहिली, वाकत राहिली, आणि तिची आई मला बोटाबोटाने खाली सरकवत राहिली. ताइस्तो टोपी हातात घेऊन थंडीत उभे होते. शेवटी मी काचेच्या तळाशी, चाकाच्या जरा उजवीकडे, डॅशबोर्डला टेकलो. तिथे रीक्काने बाहीने काच लख्ख पुसली, मला दाबून बसवले आणि दोन्ही हातांनी ओढून पाहिले. तार चाकात न येईल अशी बाजूने नेली. माझा उजेड कसा कमी करायचा ते आर्तूने दाखवले.

मग ती खाली उतरली. "आता बस," ती ताइस्तोंना म्हणाली. "दिसते का?"

"दिसते."

"कुठेही उभी राहिली तरी?"

ताइस्तोंनी पुन्हा एकदा नीट पाहिले, अगदी सावकाश. "कुठेही उभी राहिली तरी."

रीक्काने ओनाचा हात सोडला.

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीतही माझी भावंडे असतील, नाहीतर त्यांच्या जागी फोन असेल. मला खाली लावा, घट्ट लावा, मी सुटलोच तर गाडी थांबेपर्यंत माझ्याकडे बघू नका. पण लावण्याआधी एवढे करा. तुमच्यातल्या सगळ्यांत लहानाला गाडीसमोर फिरायला सांगा, आणि गाडी चालवणाऱ्याला त्याच्याच जागेवर बसून विचारा: दिसते का? तो पटकन हो म्हणाला तर पुन्हा विचारा.