घरचं माप

चौथं सीट गादीवाल्याने बायकोच्या हातात ठेवलं. तिने ते अंगठ्याने दाबलं, उलटं करून टाके पाहिले आणि म्हणाली, "छान झालंय."

संसार पुरेसा जुना झाला की या दोन शब्दांची भीती वाटायला हवी. पण स्वतःच्या कामाची स्तुती तपासून घ्यायची सवय गादीवाल्याला नव्हती. त्याने तिच्या सायकलचं तिसरं सीट काढलं, चौथं बसवलं, पाना खिशात टाकला आणि याच्यावर बसून डुलकी लागली तर त्याला जबाबदार धरू नये असं बजावलं. ती पेडलवर पाय देऊन उभी राहिली आणि निघाली. वळणापर्यंत ती उभीच होती. गादीवाल्याला वाटलं, घाईत आहे.

गादीवाला म्हणजे खुर्च्या, सोफे आणि गाड्यांची सीटं भरून देणारा. फोम, काथ्या, रेक्झिन आणि दाभण यांत त्याची तीस वर्षं गेली होती. बायको आरोग्य केंद्रात नर्स होती. तिला सगळे सिस्टर म्हणत, म्हणून तोही म्हणे. सुरुवातीला लोक हसले, मग लोकांना त्याहून हसण्यासारखं दुसरं काही मिळालं. त्यांच्या घरात बसायला दोन लाकडी स्टुलं आणि एक पत्र्याची खुर्ची होती. जगाच्या बुडाखाली मऊ घालणाऱ्या माणसाला घराकडे बघायला सवड होत नसे.

सिस्टर पूर्वी भरभक्कम होती. पुढे गुडघ्यांनी राजीनाम्याची भाषा सुरू केली आणि डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. डॉक्टर सगळ्यांनाच सांगतात, ऐकणारी ही एकटीच निघाली. दोन-अडीच वर्षांत ती निम्मी झाली. ज्या घरांत ती बाळंतिणींना तपासायला जाई, तिथे लोक तिलाच विचारू लागले, सिस्टर रजेवर आहेत का. मग तिने सायकल घेतली. लहानपणी चालवायची, मध्ये कधीतरी सुटली होती. कामाची घरं लांबलांब होती, आणि आता आपल्याला सायकल पेलते याचं तिला स्वतःलाच फार कौतुक होतं. पहिले काही दिवस ती घंटी विनाकारण वाजवी.

दुकानातून आलेलं मूळ सीट तिला टोचलं. झालं, गादीवाल्याला घरचं काम मिळालं. पहिलं सीट त्याने रुंद केलं. दुखतं म्हणाली. दुसऱ्यात दुप्पट फोम घातला. तिसऱ्यात फोमखाली स्प्रिंगा आल्या. दुखणं म्हणजे मऊपणा कमी पडणं, एवढंच वैद्यक त्याला येत होतं, आणि त्या वैद्यकावर त्याचं दुकान चाललं होतं. तिसऱ्यानंतर ती दुखतं म्हणायची थांबली. त्याने त्याचा अर्थ गुण आला असा लावला आणि उत्साहात चौथं केलं. ते पाहून शेजारचा चष्मेवाला म्हणाला, सायकलला सोफा लावलास, आता पडदे तेवढे राहिले.

त्याच आठवड्यात आरोग्य केंद्रातल्या बाकाचं रेक्झिन फाटल्याचं बोलावणं आलं. गादीवाला हत्यारांची पिशवी घेऊन निघाला, तर पुढच्या रस्त्यावर सिस्टर सायकलवर दिसली. रस्ता सपाट होता, चढाचं नावही नव्हतं, तरी ती उभी राहूनच पेडल मारत होती. दमली की सीटच्या अगदी टोकाला क्षणभर टेकायची, आणि तापलेल्या तव्याला हात लागावा तशी पुन्हा उठायची. त्याने हाक मारली नाही.

केंद्रात ती टेबलाशी उभी राहून लिहीत होती. मागे खुर्ची रिकामी होती. तिथली झाडलोट करणाऱ्या मावशींनी बाक दाखवता दाखवता त्याला हळूच विचारलं, की सिस्टरना बसायचंही पथ्य दिलंय का.

"का हो?"

"दिवसभर उभ्याच असतात. मांड्यांना आतून जखमा झाल्यात. मलम लावतात, वर पट्टी बांधतात आणि पुन्हा त्याच सायकलवर. आम्ही म्हटलं, चालत जा. तर म्हणतात, त्यांनी एवढ्या हौसेने केलंय."

गादीवाल्याने बाक शिवायला घेतला. पहिल्यांदाच त्याचे टाके वाकडे पडले. मावशींना ते कळलं नाही, त्याला कळलं.

संध्याकाळी ती घरी आली आणि स्वयंपाकघरात उभ्यानेच चहा पिऊ लागली. तोही कप घेऊन उभा राहिला. थोडा वेळ दोघं एखाद्या थांब्यावर गाडीची वाट बघत असल्यासारखी दिसत होती. मग त्याने मावशींचं बोलणं सांगितलं आणि मला का बोलली नाहीस म्हणून विचारलं. ती आधी नुसतीच हसली. मग नर्स पेशंटला सांगते तशी सांगू लागली. चरबी गेली, पण कातडी तेवढीच राहिली, ती लोंबते. सीट रुंद असलं की प्रत्येक पेडलला त्याच्यावर घासते. शिवाय फोम मऊ, त्यात हाडं रुततात आणि मधला भाग वर येऊन नको तिथे दाबतो. म्हणजे तो जितकं मऊ करत गेला, तितकं जास्त दुखत गेलं.

"पण मी तर अंदाजाने बरोबर—"

"अंदाजानेच," ती म्हणाली. "माप कुठे घेतलंत तुम्ही माझं? लोकांच्या खुर्च्या चारचारदा मोजता. माझं माप तुम्हाला तोंडपाठ. तिघांचं."

गादीवाल्याने कप खाली ठेवला.

त्याचा एक विनोद होता. गिऱ्हाइकाने तीन माणसांचा सोफा मागितला की तो म्हणायचा, मोजायचं काय त्यात, बायकोला एकदा बसवून बघतो, ती मावली की तिघं मावतात. गिऱ्हाईक हसायचं आणि हसलेलं गिऱ्हाईक घासाघीस कमी करतं. विनोद चालला, म्हणून तो वर्षानुवर्षं वापरला. एकदा ती डबा घेऊन आली होती आणि दाराशी तिने तो ऐकला. गिऱ्हाईक ओशाळलं होतं, पण ती सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसली. ते त्याला चांगलं आठवत होतं. बायको खेळकर आहे, याचा दाखला म्हणून तो प्रसंगही त्याने पुढे पुष्कळांना सांगितला होता.

"तू तर हसली होतीस," तो म्हणाला.

"गिऱ्हाईक होतं ना समोर. सोफा गेला असता तुमचा."

एवढं बोलून ती कप धुवायला वळली.

तेव्हा त्याला आणखी एक गोष्ट आठवली. पूर्वी ड्युटी संपली की ती दुकानात यायची. नवी भरलेली प्रत्येक खुर्ची गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी तिच्या हातून, म्हणजे तिच्या बसण्याने, पास व्हायची. डावीकडे टोचतंय, पाठ जरा आणखी भरा, असं ती सांगे आणि ते नेहमी खरं निघे. मग केव्हातरी ती नुसती दाराशी उभी राहून बोलू लागली. त्याने कधी बस म्हटलं तर उशीर झालाय म्हणे. त्याला वाटत आलं होतं, ड्युटी वाढली असेल. कुठल्या दिवसापासून, हे आज त्याने पहिल्यांदा मोजलं.

तो बाहेर गेला आणि खोक्याचा जाड पुठ्ठा घेऊन आला. तो स्टुलावर ठेवून म्हणाला, "बस जरा."

"आता?"

"बस. माप घेतो."

ती बसली. दुखलं असणार, पण बसली. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटले होते, लहान, अंगठ्याने दाबल्यासारखे. त्याने दोन्हींच्या मधे बोटं ठेवली. चार बोटं भरली, फार तर साडेचार. तो बघतच राहिला.

"किती बारीक झालीस गं," तो म्हणाला.

"हाडं बारीक होत नाहीत," सिस्टर म्हणाली. "तेव्हाही एवढंच अंतर होतं."

दुसऱ्या दिवशी गादीवाला सायकलच्या दुकानात गेला. तीस वर्षांत त्याने दुसऱ्याच्या हातचं बसायचं काही विकत घेतलं नव्हतं. पुठ्ठा दाखवून त्याने त्या मापाचं सीट मागितलं. जे मिळालं ते त्याच्या धंद्याचा अपमान करणारं होतं. पुढून निमुळतं, बऱ्यापैकी कडक, मध्ये लांबट खाच. बोटाने दाबलं तर दबत नव्हतं. त्याने ते सायकलला लावलं, पुढचं टोक केसभर खाली केलं, आणि यावेळी काही बजावलं नाही. जखमा भरेपर्यंत ती चालतच कामाला गेली. मग एका सकाळी निघाली आणि वळणापर्यंत बसलेली होती. तिने छान आहे वगैरे काही म्हटलं नाही.

पुठ्ठा त्याने दुकानात भिंतीवर लावला, गिऱ्हाइकांच्या मापांशेजारी.

एका संध्याकाळी जुनं गिऱ्हाईक आलं. मुलीच्या नव्या घरासाठी सोफा हवा होता, तीन माणसांचा. गादीवाल्याने टेप उचलली. गिऱ्हाईक थांबलं, मग त्याच्या वतीने स्वतःच म्हणालं, "टेप कशाला? वहिनींना बसवा, म्हणजे झालं." आणि आपणच हसलं.

सायकल पायरीशी येऊन उभी राहिली होती. एक पाय पायरीवर टेकवून सिस्टर सीटवर बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. यावेळी ती हसली नाही, रागावलीही नाही. गादीवाला काय करतो, ते बघत होती.

गादीवाल्याने भिंतीची लांबी विचारली, दाराची रुंदी विचारली. घरात कोणाची पाठ दुखते का तेही विचारलं. गिऱ्हाइकाला हा माणूस ओळखीचा वाटेना. वळल्यावर त्याला पायरीशी सिस्टर दिसली. आधी ती ओळखू आली नाही. ओळखल्यावर मात्र गिऱ्हाईक विचार करून सांगतो म्हणालं आणि निघून गेलं.

"गेला ना सोफा," ती म्हणाली.

"जाऊ दे."

आज भरून झालेली एक खुर्ची दाराशी होती. गादीवाल्याने खांद्यावरच्या फडक्याने ती पुसली, पुसलेली होती तरी. मग तोंड रस्त्याकडे करून ठेवली.

"आत ये ना. बस जरा. डावीकडे टोचतंय का बघ."

सिस्टरने खुर्चीकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, मायाही होती थोडी. "बसलेय की."

तिने घंटी वाजवली, पायरीवरचा पाय उचलला आणि बसल्या बसल्या वळणाआड गेली. गादीवाला फडकं हातात घेऊन उभा होता. मग त्याने खुर्चीच्या डाव्या बाजूला अंगठ्याने दाबून पाहिलं. टोचत होतं की नाही, ते काही त्याला कळेना.